डिकन्सची साप्ताहिके आणि लेखिका

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–७०) याच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ (१८५०–५९) आणि ‘ऑल द इयर राउंड’ (१८५९ पासून) या साप्ताहिकांनी समकालीन लेखिकांच्या व्यवसायाला दिलेले वळण, एवढाच या नोंदीचा विषय आहे. त्याच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण हा प्रश्न निराळा. लेखिकांशी त्याचा रोजचा संबंध आला तो संपादक म्हणून.

‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’चा पहिला अंक ३० मार्च १८५० रोजी दोन पेनी किमतीला निघाला. मजकुरावर लेखकाचे नाव छापायचे नाही हा नियम होता; पानांच्या माथ्यावर मात्र संचालक म्हणून डिकन्सचे नाव. लेखनाचे निमंत्रण आले तेव्हा नाटककार व विनोदी लेखक डग्लस जेरल्डने ‘हे निनावी कसले, एकनावी आहे’ अशा अर्थाची कोटी केल्याचे सांगतात. याचा व्यावहारिक परिणामही लगेच दिसला : पहिल्या अंकापासून क्रमशः आलेली कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केलची ‘लिझी ली’ ही कथा अमेरिकेत ‘हार्पर्स’ मासिकाने डिकन्सच्या नावावर छापली.

कोणता मजकूर कोणाचा, हे आज कळते ते मुख्यतः सहसंपादक डब्ल्यू. एच. विल्स याच्या कार्यालयीन वहीमुळे. तीत लेखकाचे नाव, मजकुराची लांबी व दिलेले मानधन यांची नोंद असे. ही वही प्रिन्स्टन विद्यापीठात असून तिच्या आधारे अ‍ॅन लोर्ली हिने १९७३ मध्ये सूची प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३९० लेखक असून त्यांत ९० च्या आसपास स्त्रिया आहेत. या आकड्यांवर फार भार टाकू नये. पैसे कोणाला दिले हे वही सांगते. डिकन्सने किती ओळी बदलल्या, हे सांगत नाही. ‘ऑल द इयर राउंड’ची अशी वही उपलब्ध नाही. समासात लेखकांची नावे पेन्सिलीने लिहिलेला त्याचा एक संच जेरेमी पॅरट याला मिळाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

मानधन दोन रकान्यांच्या पानाला साधारण एक गिनी (२१ शिलिंग) असे. ‘लिझी ली’बद्दल गॅस्केलला २० पौंड आले. आपण साप्ताहिकाला फसवत तर नाही ना, असे तिला वाटून गेले. तिने मैत्रिणीला लिहिले, की विल्यमने, म्हणजे नवऱ्याने, ते पैसे शांतपणे खिशात घालून वर बटण लावले. विवाहित स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क मानणारा कायदा १८७० मध्ये आला. त्यासाठीच्या १८५६ च्या अर्जावर गॅस्केलची सही आहे.

डिकन्स आणि गॅस्केल यांचे संबंध हा या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेला भाग होय. डिकन्स तिला पत्रात ‘शहराजाद’ (‘अरेबियन नाइट्स’मधील गोष्टी सांगणारी राणी) म्हणे, आणि मजकुराला हातही लावी. तिच्या ‘क्रॅनफर्ड’च्या पहिल्या हप्त्यात (डिसेंबर १८५१) कॅप्टन ब्राउन ‘पिकविक’ वाचण्यात गुंग असताना रेल्वेखाली सापडतो. स्वतःच्या पुस्तकाची अशी जाहिरात नको म्हणून डिकन्सने तेथे कवी टॉमस हूडचे पुस्तक घातले. गॅस्केलने मजकूर परत मागितला, तोवर छपाई झाली होती. १८५३ च्या पुस्तकात तिने ‘पिकविक’ परत आणले. त्याआधी, १८५२ मध्ये, भुताच्या एका कथेचा शेवट बदलण्याची त्याची सूचना तिने सरळ नाकारली. ‘नॉर्थ अँड साउथ’ (१८५४–५५) हे नाव डिकन्सच्या पसंतीचे; तिच्या मनात ‘मार्गारेट हेल’ होते. बावीस आठवड्यांच्या हप्त्यांत कथा मावेना. त्याला ती कंटाळवाणी वाटू लागली, तर तिने पुस्तकाच्या प्रस्तावनेत जागेच्या अडचणीची तक्रार नोंदवून नवी प्रकरणे जोडली. तिचा नवरा असतो तर तिला कसे बडवले असते, असे डिकन्सने १८५५ मध्ये विल्सला लिहिले आहे. हा विनोद म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे.

अ‍ॅडलेड प्रॉक्टर या कवयित्रीने घरच्या ओळखीचा फायदा नको म्हणून १८५३ पासून ‘मेरी बर्विक’ या नावाने कविता पाठविल्या. डिसेंबर १८५४ मध्ये डिकन्स तिच्याच घरी नाताळ अंकाची प्रत घेऊन गेला आणि मिस बर्विकच्या कवितेची स्तुती करून आला. उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. तिच्या मृत्यूनंतर १८६६ च्या काव्यसंग्रहाला त्याने प्रस्तावना लिहिली. एलायझा लिन लिंटन हिच्याविषयी ‘कशालाही चालेल, भरवशाची’ असा त्याचा शेरा आहे. त्याचे गॅड्स हिलचे घरही तिच्याकडूनच विकत घेतलेले. हेस्बा स्ट्रेटनची पहिली कथा मार्च १८५९ मध्ये येथेच आली. हॅरिएट मार्टिनो मात्र बाजूला झाली : साप्ताहिकाचे कॅथलिकांविषयीचे धोरण तिला पटेना, आणि कारखान्यांतील अपघातांच्या प्रश्नावर तिने १८५५ मध्ये साप्ताहिकाविरुद्ध पुस्तिकाच काढली.

डिकन्सला लेखिकांचा आश्रयदाता मानणारे मत जुने आहे. निनावीपणामुळे लेखिकेचे नाव बाजारात उभे राहिले नाही, हे मत त्यानंतरचे. निनावीपणाची झळ पुरुष लेखकांनाही लागली, हे दुसऱ्या मताविरुद्ध सांगता येते. तरीही ज्यांचे नाव आधीच झाले होते त्यांना हा नियम सोसला आणि नवख्यांना महागात पडला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जॉर्ज एलियट या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकर्तीचे उदाहरण या चौकटीबाहेरचे आहे. तिच्या पहिल्या कथांची लेखिका स्त्री असावी, असे डिकन्सने जानेवारी १८५८ च्या पत्रात ओळखले होते. १८५९ मध्ये त्याने ‘ऑल द इयर राउंड’साठी कादंबरी मागितली, तिने दिली नाही.