लोकरीच्या गिरण्यांच्या सहली : एक पार्श्वभूमी

विणकामाची आवड असणाऱ्यांनी मिळून स्कॉटलंडला किंवा यॉर्कशायरला जावे, तिथल्या लोकरीच्या गिरण्या पाहाव्यात, दुकानांतून लोकरीच्या लड्या निवडून घ्याव्यात आणि संध्याकाळी एकत्र बसून विणावे, ही सहलीची कल्पना दादर-पार्ल्यातल्या विणणाऱ्या स्त्रियांनाही आता आकर्षित करू लागली आहे. मुंबईच्या दृष्टीने यात एक विसंगती आहे. ज्या शहराने शंभराहून अधिक वर्षे गिरणीच्या भोंग्यावर आपला दिवस बेतला, त्या शहरातल्या बाईला आपल्या सुयांवरचा धागा कसा तयार होतो हे पाहायला इतक्या दूर का जावे लागते, याचे उत्तर दोन्हीकडच्या इतिहासात शोधावे लागते.

मुंबईच्या गिरण्या मुख्यतः सुताच्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, वरळीपर्यंत जे गिरणगाव पसरले ते कापसावर उभे राहिले. लोकरीची मोठी गिरणी म्हणून मुंबईकर ओळखतात ती ठाण्याची रेमंड. १९२५ पासून हे नाव चालत आले आहे. १९४४ मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली आणि १९५८ मध्ये बॅलार्ड इस्टेटमध्ये तिचे पहिले दालन उघडले. मात्र तिची कीर्ती सुटाच्या कापडामुळे झाली. हाताने विणण्याची लोकर मुंबईत येई ती उत्तरेकडून. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ ची आणि पंजाबातल्या धारीवालची १८८० ची. पुढे लुधियाना हे या व्यवसायाचे सर्वांत मोठे केंद्र झाले. लोकरीचे कपडे लागतात अशी थंडी, लष्कराची मागणी आणि मेंढपाळांचे प्रदेश हे तिन्ही तिकडेच असल्यामुळे गिरण्याही तिकडे निघाल्या, हे स्वाभाविक होते.

तरीही मुंबईत विणकाम रुजले. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी मुलींच्या शाळांत शिवणाबरोबर दोन सुयांवरचे विणकाम आणि क्रोशे शिकवायला सुरुवात केली आणि हळूहळू ते मध्यमवर्गीय घरांत शिरले. ज्या शहरात स्वेटर घालण्याची वेळ वर्षातून मोजकेच दिवस येते, तिथे हे काम टिकले याचे मोठे श्रेय माझ्या मते बाळंतविड्याला द्यावे लागेल. झबली-दुपट्यांच्या जोडीला लोकरीचे टोपडे आणि मोजे हवेतच, असा रिवाज पडला आणि त्यामुळे सुलट-उलट टाके आईकडून मुलीकडे जात राहिले. या काळात लोकर स्वतः मात्र बदलली. आज बाजारात लोकर म्हणून विकला जाणारा बराचसा धागा अॅक्रिलिकचा असतो. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, आणि मेंढीशी त्याचा संबंध नाही.

ब्रिटनमधल्या ज्या ठिकाणी या सहली जातात, तिथे विणकाम हे कधी काळी पोटापाण्याचे साधन होते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचे उदाहरण या संदर्भात समजून घेण्यासारखे आहे. तिथल्या स्त्रिया पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणासाठी कापलेल्या दलदलीतल्या मातीच्या, टोपल्या घेऊन चालतानाही हातांनी विणत असत. कमरेच्या चामडी पट्ट्याला भोके असत आणि त्यांत सुईचे टोक खोवल्यामुळे एक हात बराचसा मोकळा राही. त्यांनी विणलेल्या शाली दुकानदार घेत असे आणि बदल्यात रोख पैसे देण्याऐवजी चहा, कापड अशा वस्तू देत असे. दुकानदार वस्तूंचा भावही स्वतःच ठरवीत असल्यामुळे विणणारी कायम त्याच्या वहीत अडकलेली राही. या पद्धतीची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने आयोग नेमला आणि त्याचा शेटलंडविषयीचा अहवाल १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कामकरी स्त्रियांच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. अंगठीतून आरपार जाईल इतक्या तलम शालींचे आज जे कौतुक होते, त्यामागे हे कष्ट होते, हे तिथे जाणाऱ्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

१९२० च्या दशकात तेव्हाच्या ब्रिटिश युवराजाने, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सने, शेटलंडमधल्या फेअर आयल बेटाचा रंगीत नक्षीचा स्वेटर घातला आणि त्या नक्षीची फॅशन सर्वत्र पसरली. २०१० पासून शेटलंडमध्ये दरवर्षी लोकर सप्ताह भरतो. तिथल्याच लर्विक गावातल्या जेमिसन अँड स्मिथ या लोकर-व्यापाऱ्यांकडे कातरून आणलेली लोकर आजही हाताने प्रतवार लावली जाते.

गिरण्या पाहण्याची प्रथा मुख्यतः त्या बंद पडल्यामुळे सुरू झाली. यॉर्कशायरमधल्या सॉल्टेअर इथली टायटस सॉल्टची प्रचंड गिरणी १८५३ मध्ये सुरू झाली आणि १९८६ मध्ये थांबली. तिची इमारत आज कलादालनासाठी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कची गोष्ट मुंबईकराला अधिक जवळची वाटावी, कारण तीही मुळात सूतगिरणीच. १७८६ च्या सुमारास तिथे कताई सुरू झाली, गिरणीचालक रॉबर्ट ओवेनने तिथे कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली, १९६८ मध्ये गिरणी बंद झाली आणि २००१ मध्ये सॉल्टेअरबरोबरच ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली. तिथे आता एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रावर लोकर कातली जाते आणि ती तिथल्याच दुकानात विकली जाते.

अशा दुकानात मोठ्या शंकूंवर गुंडाळलेली लोकर मिळते, ती हातात घेतल्यावर अनेकींची निराशा होते. ती सुतळीसारखी राठ आणि किंचित तेलकट लागते, कारण कताईच्या वेळी तंतू तुटू नयेत म्हणून त्यांना तेल लावलेले असते. विणून झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात धुतली की तेल निघून जाते, तंतू फुलतात आणि टाक्यांमधल्या फटी भरून येतात. म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. नुसती पिंजून कातलेली लोकर अशी फुलते, कारण तिच्यात तंतू आडवेतिडवे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा राहते; विंचरून, तंतू समांतर करून कातलेली लोकर गुळगुळीत आणि मजबूत होते, आणि सुटाचे कापड तिचे असते. चालू गिरणीत हा फरक यंत्रासमोर उभे राहून पाहता येतो.

गिरणगावात मात्र असे पाहण्यासारखे फार थोडे उरले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व टॉवर उभे राहिले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना महापालिकेने हाती घेतली, ती योग्यच आहे; तिथे चालती यंत्रे आणि ती चालवलेल्या माणसांचे अनुभव या दोन्हींना जागा मिळावी.

महाराष्ट्रात लोकरीचा स्वतःचा धंदा होता आणि काही प्रमाणात आजही आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, त्यामुळे तिचे स्वेटर होत नाहीत, पण घोंगडी उत्तम होते. सणगर आणि खुटेकर धनगर हाताने कातलेल्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावून ती मागावर विणतात. गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे कातरलेली लोकर कित्येकदा टाकून द्यावी लागते. ब्रिटनमध्येही लोकरीचा भाव इतका पडला आहे की अनेक मेंढपाळांची कातरणीची मजुरीसुद्धा तिच्यातून सुटत नाही, आणि तिथल्या लहान गिरण्यांना विणणाऱ्या गिऱ्हाइकांचा आधार वाटतो तो यामुळेच. सातारा, सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली घोंगड्यांची गावे मुंबईहून एका दिवसात गाठता येतात. विणकामाच्या सहली आखणाऱ्यांनी शेटलंडच्या आधी ती गावे कार्यक्रमात घ्यावीत आणि घोंगडी विणणाऱ्याने सांगितलेल्या भावात विकत घ्यावी.