हमिंगचं बिऱ्हाड

स्पीकरमधून संथ 'हूं', म्हणजेच हमिंग, येऊ लागला की पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरवर जातो. एके काळी तो रास्तही होता. आता मात्र सेट उघडण्याआधी मागच्या वायरी पाहाव्यात, कारण शंभर वर्षांत या आवाजाने बिऱ्हाड हलवलं आहे.

सुरुवातीचे रेडिओ बॅटरीवर चालत. त्यांत खरखर असे, पण हमिंग नव्हतं. 1920 च्या दशकात जड अ‍ॅसिड बॅटऱ्यांना लोक कंटाळले आणि रेडिओ घरच्या विजेवर आणायची धडपड सुरू झाली. ही वीज एसी, म्हणजे सेकंदाला 50 किंवा 60 वेळा (50 किंवा 60 हर्ट्झने) हेलकावणारी. सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, तापत्या तारेला तीच दिली की तिचा हेलकावा थेट गाण्यात उतरे. मग तार नुसती तापवायला ठेवली आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तिच्याभोवती वेगळा बसवला. 1927 मध्ये अमेरिकेत आलेला आरसीए कंपनीचा 227 व्हॉल्व्ह या जातीचा.

तरी पॉवर सप्लाय उरलाच. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून 50 हर्ट्झच्या विजेतून 100 हर्ट्झची लहर निघते. हार्मोनियमवर शोधलीत तर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. ती गिळायचं काम फिल्टर कंडेन्सरचं, आणि तो म्हातारा होऊन सुकला की हमिंग परत येतं. त्या काळच्या स्पीकरमध्ये कायमचा चुंबक नसे, विजेवर चालणारी गुंडाळी असे, आणि काटकसर म्हणून तिलाच चोकच्याही, म्हणजे लहर अडवणाऱ्या गुंडाळीच्या, कामाला जुंपत. उरलेली लहर मारायला स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलच्या ओळीत एक छोटी उलटी गुंडाळी घालत. दोषाला त्याच्याच उलट्या प्रतीने मारायची ही युक्ती मला फार आवडते. 1955 मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी गिटारचा हमबकर पिकअप केला, तोही याच विचारातून: दोन उलट्या गुंडाळ्या, एकीचं हमिंग दुसरी मारते.

पुढे घरातला एक डबा फुटून टर्नटेबल, प्रीअ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर अशी वेगवेगळी यंत्रं झाली, आणि हमिंग डब्यातून वायरीत आलं. त्यांना जोडणाऱ्या आरसीए केबलमधली बाहेरची जाळी दोन कामं करते: आवरणाचं आणि सिग्नलच्या परतीच्या वाटेचं. म्हणून जाळीत शिरलेला कचरा सिग्नलमध्येच मिसळतो. टेलिफोनवाल्यांचं दुखणं आधीच बरं झालं होतं. ग्रॅहम बेल यांनी पिळलेल्या दोन तारांचं पेटंट 1881 मध्येच घेतलं होतं; दोन्ही तारांत सारखाच शिरलेला कचरा एकमेकांना मारतो. स्टुडिओंनी तो धडा घेतला, घरगुती यंत्रांनी पैसे वाचवले.

टर्नटेबल त्यात सर्वांत नाजूक. पिकअपमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, आणि 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार (रेकॉर्डवर दबलेला खालचा स्वर परत वाढवण्याचं प्रमाण) प्रीअ‍ॅम्प 50 हर्ट्झला 1000 हर्ट्झच्या सुमारे सातपट उचलतो. म्हणून तर टर्नटेबलला ती वेगळी बारीक अर्थ (जमिनीशी जोडणीची) वायर असते. टोनआर्मला बोट लावल्यावर हमिंग बदललं, तर आधी तिचा स्क्रू बघा.

प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन सुरक्षेसाठी आली. अमेरिकेत 1962 च्या नियमावलीने नव्या वायरिंगमध्ये अर्थिंगचे सॉकेट सक्तीचे केले. पण अर्थ असलेली दोन यंत्रं केबलच्या जाळीनेही जोडली की एक वेटोळं पुरं होतं. दोन अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये थोडा जरी फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. हाच अर्थ लूप. केबल टीव्हीची वायर बाहेर वेगळ्या ठिकाणी अर्थ केलेली असते, त्यामुळे ती सिस्टिमला जोडली की बरेचदा हीच गत होते. वायर काढल्याक्षणी आवाज थांबला तर चोर सापडला. मग सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या, किंवा त्या वायरीत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा जोड) बसवा. अर्थ पिन कापायचा 'उपाय' मात्र साफ चूक: हमिंग जातं, पण आत बिघाड झाला तर धातूच्या पेटीत वीज उतरते.

गंमत म्हणजे बिऱ्हाड पुन्हा थोडं आत सरकलं. 1995 मध्ये नील मन्सी यांनी दाखवलं की अनेक व्यावसायिक यंत्रांत केबलची जाळी पेटीला न जोडता आतल्या सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेली असते. म्हणजे बाहेरचा कचरा कंपनीनेच आत घेतलेला. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस48 हे मानक 2005 मध्ये यासाठीच आलं. अशा यंत्राला कितीही महागडी केबल लावा, 'हूं' तिथेच राहतो.