वेज फटका : अंतराचे नियंत्रण

गोल्फमध्ये ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, जवळ, साधारण १२० यार्डांच्या आत आलेला चेंडू ठरवलेल्या अंतरावरच पाडण्याचे कौशल्य (१ यार्ड = सु. ०.९१ मीटर). इतर क्लबांचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, हिशेब सरळ असतो : अंतर कमी झाले की जास्त लॉफ्टचा, म्हणजे अधिक कललेल्या तोंडाचा, पुढचा क्लब काढायचा आणि स्विंग पूर्ण करायचा. शेवटच्या वेजपाशी (वेज म्हणजे सर्वांत कललेल्या तोंडाचा, जवळच्या अंतराचा क्लब) ही शिडी संपते. त्याच्या पूर्ण फटक्याहूनही कमी अंतर उरले, तर त्यासाठी पिशवीत क्लबच नसतो. ते स्विंगमधूनच काढावे लागते. ४० यार्डांचा फटका १०० यार्डांच्या फटक्यापेक्षा अवघड जातो, तो यामुळे.

वेज चार प्रकारचे : पिचिंग (लॉफ्ट सु. ४४ ते ४८ अंश), गॅप (५० ते ५२), सँड (५४ ते ५६) आणि लॉब (५८ व त्यापुढे). सँड वेजला आजचे रूप देण्याचे श्रेय बहुधा अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन यांना देतात. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्यांनी तो क्लब वापरून जिंकली. गॅप वेज मात्र व्यापाराचे अपत्य आहे. आपले आयर्न (धातूच्या पात्याचे, क्रमांक दिलेले क्लब) लांब मारतात हे दाखवण्यासाठी उत्पादक त्यांचा लॉफ्ट घटवत गेले. आजचा पिचिंग वेज पुष्कळदा जुना नऊ नंबरचा आयर्नच असतो. त्याच्या आणि सँड वेजच्या मध्ये त्यामुळे जी दरी पडली, ती भरायला आणखी एक क्लब विकावा लागला. पिशवीत १४ क्लबांचीच मुभा असल्याने चौथा वेज घेणाऱ्याला लांब पल्ल्याचा एखादा क्लब घरी ठेवावा लागतो.

अंतर ठरवण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत घड्याळाची. नासात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डेव्ह पेल्झ यांनी ती रूढ केली. उजव्या हाताने खेळणाऱ्याने आपला डावा हात हा तासकाटा समजायचा आणि बॅकस्विंग, म्हणजे फटक्याआधी क्लब मागे नेणे, साडेसात, नऊ किंवा साडेदहावर थांबवायचा. तीन स्विंग आणि चार वेज मिळून बारा अंतरे हाती येतात. नऊचा स्विंग म्हणजे पूर्ण अंतराच्या निम्मे, असा त्रैराशिकाचा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येकाने आपापले आकडे मोजून वहीत लिहावे लागतात. क्लब मुठीत थोडा खाली धरला की आणखी काही यार्ड कमी होतात.

या रीतीचे मर्म असे, की बदलते ती स्विंगची लांबी; लय तीच राहते. हौशी खेळाडू याच्या उलट करतो. बॅकस्विंग ऐसपैस घेतो आणि खाली येताना ‘फार लांब जाईल’ या धास्तीने हात आखडता घेतो. क्लब मंदावतो, चेंडूआधी जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या पोटावर आदळून त्याला ग्रीनपार धाडतो. जोर लावणेही फायद्याचे नाही. एवढ्या लॉफ्टवर जास्तीचा जोर बराचसा उंचीत आणि फिरकीत जातो, आणि समोरून वारा असेल तर असा चेंडू हवेतच अडकतो.

चेंडू कुठे पडला आहे, यावरही गणित बदलते. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, क्लबचे तोंड आणि चेंडू यांच्यात गवत येते, फिरकी घटते आणि चेंडू अपेक्षेहून पुढे जाऊन ग्रीनवर थांबत नाही. रफचा धाक राहावा म्हणून क्लबच्या तोंडावरील खाचांच्या धारदारपणावर २०१० पासून व्यावसायिक स्पर्धांत मर्यादा आल्या. पावसाळ्यात आपल्याकडची मैदाने मऊ होतात; तेव्हा चेंडूचे घरंगळणे जवळजवळ विसरावे आणि हवेतले अंतरच धरावे.

या कौशल्यावर अख्खी स्पर्धा उभी राहू शकते, हे अमेरिकन खेळाडू झॅक जॉन्सन यांनी २००७ च्या मास्टर्स स्पर्धेत दाखवले. ही स्पर्धा होते त्या ऑगस्टाच्या मैदानावरील पार-५ होलवर (जिथे पाच फटके अपेक्षित असतात) लांब मारणारे खेळाडू दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठू पाहतात. जॉन्सन यांनी चार दिवसांत एकदाही तसे केले नाही. दुसरा फटका मुद्दाम आखूड मारून ते आपल्या आवडीच्या वेजचे अंतर शिल्लक ठेवत. रोजची चार अशी ती सोळा होल त्यांनी ११ अंडर पारमध्ये, म्हणजे अपेक्षेहून अकरा फटके कमी घेऊन, खेळली आणि टायगर वुड्ससह तिघांना दोन फटक्यांनी मागे टाकले.

सरावाच्या मैदानावर मिळणारे चेंडू झिजलेले आणि बहुधा कमी अंतर जाणारे असतात. त्यांच्यावर काढलेला बारा अंतरांचा तक्ता प्रत्यक्ष खेळात दगा देतो. म्हणून मोजणी स्पर्धेत वापरायच्या चेंडूंनीच करतात, आणि एखादा सुरेख लागलेला फटका न धरता आठ-दहा फटक्यांची सरासरी धरतात.