गुडघ्यातली जाळी एकदाच विणली जाते

१९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ हे किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट केलं. पुढे ते ओसरत गेलं, पण तोवर अन्नावाटे ते माणसांच्या शरीरात पोहोचलं होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा नामी उपयोग केला. निरोगी आणि झिजलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या गुडघ्यांच्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, त्यांनी हा कार्बन मोजला. कूर्चेतल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनातलं प्रमाण जुळलं ते त्या माणसाच्या लहानपणीच्या हवेशी! म्हणजे वाढ संपली की कोलॅजनची जाळी नव्याने विणली जात नाही, झीज सुरू झाल्यावरही नाही. कोलॅजन पावडरचे डबे विकणारे हे कशाला सांगतील?

जाळी इतकी महत्त्वाची का? कूर्चेचं सत्तर-ऐंशी टक्के वजन पाण्याचं. अ‍ॅग्रेकन नावाचे ऋणभारित रेणू ते पाणी ओढून घेतात आणि फुगू पाहतात. कोलॅजन त्यांना आवळून धरतं. आपण पाऊल टेकतो तेव्हा पाण्याला इतक्या बारीक छिद्रांतून चटकन निसटता येत नाही, त्यामुळे सुरुवातीचा बहुतेक भार कोंडलेलं पाणीच पेलतं. व्हॅन माओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे गणितात मांडलं. जाळी फाटली की पाणी कोंडून राहत नाही आणि भार थेट तंतूंवर येतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, पेशीही विरळ, त्यामुळे ती आपली आपण भरून येत नाही. म्हणून १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा गुडघ्यात सोडल्याचं प्रसिद्ध केलं. गोम अशी, की सपाट भांड्यात वाढवलेल्या पेशी आपला धर्म विसरतात आणि व्रणातलं, वेगळ्या जातीचं कोलॅजन बनवू लागतात. त्यांना जेलमध्ये ठेवलं की बऱ्याचशा ताळ्यावर येतात. आणि त्यांना दाबही लागतो, पण चालताना पडतो तसा, लयीत. एमआयटीतल्या प्रयोगांत कूर्चेचे तुकडे नुसते दाबून ठेवले तर अ‍ॅग्रेकनची निर्मिती मंदावली. दाब देत-सोडत राहिल्यावर ती वाढली.

मला सर्वांत आशादायक वाटलं ते ड्यूक विद्यापीठाचं २००७ चं काम. त्यांनी तीन दिशांनी धागे विणून आधी सांगाडा केला, मग त्यात पेशी भरल्या. पेशी जाळी विणतील याची वाटच पाहिली नाही. नव्या तुकड्याची कड जुन्या कूर्चेला नीट सांधत नाही, ही अडचण मात्र अजून सुटलेली नाही.