सैनिकांच्या तक्रारी ऐकणारा ॲडमिरल : हेल्मुट हाये यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जून १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या 'क्विक' या सचित्र साप्ताहिकात एक लेखमाला सुरू झाली आणि तिथली राजधानी बॉनच्या राजकारणात खळबळ उडाली. नवं जर्मन लष्कर, म्हणजे बुंडेसवेअर, 'राज्यातलं राज्य' होण्याच्या वाटेवर आहे, असा इशारा तीत दिला होता. हा इशारा एखाद्या युद्धविरोधी कार्यकर्त्याने दिला असता, तर फारसं कुणी लक्ष दिलं नसतं. पण तो देणारे होते संसदेने नेमलेले लष्करी आयुक्त, सत्ताधारी सीडीयू पक्षाचे माजी खासदार आणि हिटलरच्या नौदलातले निवृत्त व्हाइस ॲडमिरल हेल्मुट हाये. ही लेखमाला म्हणजे म्हातारपणी आलेली सणक, असं त्यांचे टीकाकार म्हणत. त्यांचा आधीचा प्रवास पाहिला तर ते पटत नाही. वरिष्ठांना न रुचणारी गोष्ट कागदावर मांडायची ही त्यांची जुनी सवय होती. मात्र कागदावर मांडून झाल्यावर हाती आलेलं काम ते निमूट करत, हेही तितकंच खरं.

हाये यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९५ रोजी सारलँडमधल्या बेकिंगेनचा. १९१४ मध्ये ते कैसरच्या नौदलात दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर उरलेल्या तुटपुंज्या नौदलातही टिकले. १९३८ मध्ये ते बर्लिनच्या नौदल मुख्यालयात मोहिमांचं नियोजन करणाऱ्या विभागात होते. ब्रिटनशी युद्ध झालंच तर ते समुद्रावर कसं लढायचं, याचं टिपण त्यांना करायला सांगण्यात आलं. त्यांचा निष्कर्ष असा की आमनेसामनेच्या आरमारी लढाईत ब्रिटनला हरवणं जर्मनीला जमणार नाही. ब्रिटनचा जीव आहे तो आयातीत, तेव्हा घाव घालायचा तो व्यापारी जहाजांवर. त्यासाठी लांब पल्ल्याच्या, एकट्याने फिरणाऱ्या क्रूझर हव्यात. पाणबुड्यांवर त्यांचाही फारसा भरवसा नव्हता, आणि इथे ते सपशेल चुकले.

टिपणावर बसलेल्या समितीला मात्र मोठ्या युद्धनौकांचा मोह सुटेना. शेवटी नौदल उभारणीची जी 'झेड योजना' तयार झाली, तीत दहा युद्धनौका आणि चार विमानवाहू नौका होत्या. जानेवारी १९३९ मध्ये हिटलरने तिला पोलादाच्या वाटपात अग्रक्रम दिला. योजना पुरी व्हायला १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडणार होता, आणि युद्ध सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये. त्या दिवशी जर्मनीकडे ५७ पाणबुड्या होत्या.

तोवर हाये 'ॲडमिरल हिपर' या नव्या जड क्रूझरचे कप्तान झाले होते. ८ एप्रिल १९४० च्या सकाळी ही नौका सोबतच्या विनाशिकांसह मिळून सुमारे १,७०० पहाडी सैनिक घेऊन नॉर्वेच्या ट्रॉनहाइमकडे निघाली असताना तिची गाठ ब्रिटिश विनाशिका 'ग्लोवर्म'शी पडली. समुद्रात पडलेल्या एका खलाशाच्या शोधात ग्लोवर्म आपल्या ताफ्यापासून तुटली होती. सामना अगदीच विषम होता. हिपरवर २०.३ सेंटिमीटरच्या आठ तोफा होत्या, ग्लोवर्मवर १२ सेंटिमीटरच्या चार. ग्लोवर्मने धुराचा पडदा केला, त्यातून बाहेर येत टॉर्पेडो सोडले, पण ते सगळे चुकले. पुन्हा टॉर्पेडोंच्या तोंडी जाण्यापेक्षा तिला धडकच द्यावी, असं ठरवून हाये धुरात शिरले. पण जड क्रूझर सुकाणूला लगेच दाद देत नाही. हिपर वळेपर्यंत ग्लोवर्मच तिच्या उजव्या बाजूवर, नांगराच्या थोडं मागे, येऊन आदळली आणि तिची सुमारे चाळीस मीटर लांबीची कड खरवडत गेली. हिपरमध्ये पाचेकशे टन पाणी शिरलं. ग्लोवर्म थोड्याच वेळात स्फोट होऊन बुडाली. ही धडक ब्रिटिश कप्तान जेरार्ड रूप यांनी जाणूनबुजून दिली की जखमी विनाशिका ताब्यातच राहिली नव्हती, यावर आजही एकमत नाही.

हाये यांनी नौका थांबवून वाचलेल्यांना वर घेतलं. शत्रूच्या पाणबुड्या आणि मोठी जहाजं आसपास असू शकतात अशा जागी, सैनिकांनी भरलेली क्रूझर उभी ठेवणं हा धोकाच होता. कप्तान रूप दोराला लटकले होते, पण हातातलं बळ सरलं आणि ते बुडाले. पुढे हाये यांनी रेड क्रॉसमार्फत ब्रिटिशांना रूप यांच्या शौर्याबद्दल कळवलं, असं सर्वत्र सांगितलं जातं. रूप यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो जुलै १९४५ मध्ये. हाये यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण या प्रसंगावर रेंगाळतात. माणूस कळण्यासाठी त्यांची १९४४ ची कामगिरी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती इतकी देखणी नाही.

ब्रिटिशांच्या चिमुकल्या पाणबुड्यांनी सप्टेंबर १९४३ मध्ये नॉर्वेच्या खाडीत शिरून 'टिर्पिट्झ' ही युद्धनौका जायबंदी केली. जर्मन नौदलाने यातून घाईघाईने धडा घेतला आणि अशाच लहान हत्यारांचं नवं दल उभारलं. १९४४ च्या वसंतात त्याची सूत्रं हाये यांच्याकडे आली. वेळ नाही, पोलाद नाही, इंधन नाही, अशा अवस्थेत जे लवकर बनेल ते बनवायचं, ही अट होती.

त्यातलं पहिलं हत्यार 'नेगर' म्हणजे एकावर एक टांगलेले दोन टॉर्पेडो. वरच्यातला दारूगोळा काढून तिथे माणसाला बसायची जागा आणि डोक्यावर पारदर्शक घुमट, खालच्यात खरा स्फोटक भार. लांबी साडेसात मीटरच्या आसपास, वेग जेमतेम चार नॉट, आणि ते पाण्याखाली जाऊच शकत नसे. चालकाचं डोकं लाटांपासून हातभर उंचीवर, त्यामुळे त्याला लांबचं काही दिसत नसे, उलट चांदण्यात घुमट चमकून तोच दिसे. अंतराचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा आणि कळ ओढायची. कधी खालचा टॉर्पेडो सुरू होई पण सुटत नसे, मग तो वरच्या माणसालाही लक्ष्याकडे घेऊन जाई. बंद घुमटात हवेचा प्रश्न होताच. एप्रिल १९४४ मध्ये इटलीत अँझियोजवळ ३७ नेगर आणले गेले. किनारा इतका उथळ आणि वाळूचा, की त्यातले १४ पाण्यात उतरलेच नाहीत. उरलेले २३ गेले आणि एकही जहाज बुडलं नाही. वर एक नेगर धडधाकट अवस्थेत, आत गुदमरून मेलेल्या चालकासह, दोस्त राष्ट्रांच्या हाती लागला. म्हणजे नवं हत्यार पहिल्याच रात्री उघडं पडलं. जुलैत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुरुंग काढणाऱ्या काही नौका बुडाल्या आणि पोलिश क्रूझर 'ड्रॅगन' निकामी झाली. पण ब्रिटिशांनी पहारा कडक करताच चालकांचं परतणं दुर्मीळ झालं.

'लिन्से' या स्फोटक बोटींची रचना जास्त हुशारीची होती. दोन बोटींत स्फोटकं आणि एकेक चालक, मागे तिसरी बोट रेडिओ नियंत्रणाची. लक्ष्य जवळ आलं की चालक पाण्यात उडी मारी आणि पुढचं सुकाणू मागच्या बोटीतून चाले. अंधारात बोट सरळ चालली आहे हे कळावं म्हणून स्फोटक बोटीवर मागूनच दिसतील असे दोन दिवे होते, एक हिरवा, एक लाल. हिरव्याखाली लाल दिवा सरळ रेषेत ठेवायचा, एवढंच नियंत्रकाचं काम. धडक बसताच नाळेवरची कमान दाबली जाऊन पुढचा भाग तुटे, स्फोटकांचा मागचा भाग जहाजाच्या पोटाखाली बुडू लागे आणि काही सेकंदांनी फुटे. जहाजाच्या बाजूवर होणाऱ्या स्फोटापेक्षा तळाखालचा स्फोट जास्त मारक, हे त्यामागचं गणित. प्रत्यक्षात लाटा जराशा वाढल्या की या हलक्या बोटींचा निभाव लागत नसे.

एका माणसाची पाणबुडी 'बीबर' हे तर माणसालाच मारणारं यंत्र ठरलं. पृष्ठभागावर चालण्यासाठी तिला पेट्रोल इंजिन दिलं होतं, कारण तेच हाताशी होतं. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. छोट्याशा पोलादी नळीत थोडी जरी गळती झाली, तरी चालकाला आधी डोकेदुखी, मग गुंगी, मग काहीच नाही. डिसेंबर १९४४ च्या अखेरीस हॉलंडच्या किनाऱ्यावरून बीबर पाठवल्या गेल्या, त्यांना 'ॲलन-अ-डेल' हे एक मालवाहू जहाज बुडवता आलं आणि बहुतेक चालक परतले नाहीत. २९ डिसेंबरला डोव्हरच्या ईशान्येला 'रेडी' या ब्रिटिश नौकेला ९० क्रमांकाची बीबर तरंगताना सापडली. आतला चालक विषारी वायूने मेलेला होता. ती बोट पुढे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे गेली.

त्यातल्या त्यात चांगली निघाली ती दोन माणसांची 'झेहुंड'. सुमारे बारा मीटर लांब, डिझेल इंजिन, दोन टॉर्पेडो. इतकी लहान की पाणबुडी फोडण्यासाठी टाकलेला स्फोटक डबा (डेप्थ चार्ज) जवळ फुटला तरी पाण्याचा धक्का तिला फोडण्याऐवजी बाजूला ढकलून देई. तरीही १ जानेवारी १९४५ ला हॉलंडमधल्या आयमाउडनहून निघालेल्या १७ पैकी दोनच परत आल्या. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणींचा घात खराब हवामानाने आणि वाळूच्या दांड्यांनी केला. युद्ध संपेपर्यंत झेहुंडच्या १४२ फेऱ्या झाल्या, ३५ बोटी गेल्या आणि साधारण नऊ जहाजं बुडाली.

हाये यांच्या दलात माणसं स्वयंसेवक होती हे खरं. पण वीस वर्षांच्या मुलाला बोटीचे दोष कुणी किती सांगितले होते, हा प्रश्न उरतोच. दोस्तांच्या ताफ्यांना या दलाने पहाऱ्यासाठी जास्त नौका गुंतवायला लावल्या, हे समर्थन नेहमी दिलं जातं. त्या हिशोबात मेलेल्या चालकांचा रकाना फार पातळ असतो. पुढे सैनिकांच्या मानवी प्रतिष्ठेसाठी भांडणारा माणूस हाच, हा विरोधाभास हाये यांच्या चाहत्यांनी गुळगुळीत करू नये.

युद्धकैदेतून सुटल्यावर हाये ब्रेमरहाफेनच्या 'नेव्हल हिस्टॉरिकल टीम'मध्ये आले. अमेरिकी नौदलाने १९४९ मध्ये उभा केलेला हा माजी जर्मन अधिकाऱ्यांचा गट. फ्रीडरिश रूगे, गेर्हार्ड वाग्नर अशी नावं त्यात होती. कागदोपत्री काम युद्धाचे अनुभव लिहून काढण्याचं, बाल्टिक समुद्रात सोव्हिएत नौदलाशी कसं लढायचं हा त्यातला खरा रस. लष्कर ठेवायलाच बंदी असलेल्या देशात भावी नौदलाचा विचार इथे होत होता. रूगे पुढे नव्या नौदलाचे पहिले प्रमुख झाले. हाये यांनी गणवेशाऐवजी राजकारण निवडलं आणि १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षं ते सीडीयूतर्फे बुंडेस्टागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, सदस्य होते. पुनर्शस्त्रीकरण, सक्तीची लष्करी सेवा, जुन्या अधिकाऱ्यांची छाननी हे सगळं त्याच काळात घडलं.

मार्च १९५६ मध्ये जर्मन राज्यघटनेत ४५ ब हे कलम घालून संसदेचं लष्करी आयुक्तपद निर्माण केलं गेलं. कल्पना स्वीडनची. तिथे १९१५ पासून लष्करासाठी वेगळा ओम्बुड्समन, म्हणजे तक्रारींची चौकशी करणारा अधिकारी, होता आणि नाझी राजवटीत स्वीडनमध्ये आश्रय घेतलेले समाजवादी खासदार एर्न्स्ट पाउल यांनी ती लावून धरली. महाराष्ट्रात १९७२ मध्ये आलेलं लोकायुक्तपद याच स्वीडिश घराण्यातलं, फक्त लष्कराशी त्याचा संबंध नाही. जर्मन आयुक्ताचं वेगळेपण असं की कुठलाही शिपाई अर्ज वरिष्ठांमार्फत न पाठवता थेट त्याच्याकडे लिहू शकतो. आयुक्त तुकडीला न कळवता भेट देऊ शकतो, कागदपत्रं मागवू शकतो. आदेश मात्र देऊ शकत नाही. त्याचं हत्यार म्हणजे संसदेला सादर होणारा वार्षिक अहवाल. पहिल्या कायद्यात उमेदवाराने किमान एक वर्ष लष्करी सेवा केलेली असावी अशी अट होती, त्यामुळे निवड माजी सैनिकांतूनच होणार हे उघड होतं. १९५९ मध्ये निवडलेले पहिले आयुक्त हेल्मुट फॉन ग्रोलमन यांना १९६१ मध्ये खासगी प्रकरणामुळे जावं लागलं. ८ नोव्हेंबर १९६१ रोजी हाये यांची निवड झाली.

बुंडेसवेअर त्या वेळी झपाट्याने फुगत होतं. नाटोला कबूल केलेल्या बारा डिव्हिजन उभ्या करायच्या होत्या आणि कंपनी पातळीवर चांगले अधिकारी, सार्जंट यांचा तुटवडा होता. सैनिक हा गणवेशातला नागरिकच, हे तत्त्व पुस्तिकांमध्ये होतं, बराकीत जुनाच खाक्या. जुलै १९६३ मध्ये नागोल्ड इथल्या हवाई छत्री दलाच्या प्रशिक्षण कंपनीत एक जवान उन्हातल्या संचलनात कोसळला आणि आठवड्याभरात मेला. चौकशीत प्रशिक्षकांच्या छळाचे प्रकार बाहेर आले, खटले झाले, ती कंपनीच बरखास्त झाली. हाये यांच्या दृष्टीने हा अपवाद नव्हता. त्यांचे अहवाल मात्र संसदेच्या समितीत रेंगाळत.

म्हणून ते 'क्विक'कडे गेले. आशयापेक्षा या मार्गावरच जास्त गदारोळ झाला. संसदेचा अधिकारी संसदेला डावलून रंगीत साप्ताहिकात लिहितो, म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना एकटं पाडलं आणि संरक्षणमंत्री काय-उवे फॉन हासेल यांनी आरोप फेटाळले. पद्धतीचा आक्षेप अगदी खोटा नव्हता, पण त्यामुळे मूळ प्रश्नांना बगल द्यायची सोय झाली. 'राज्यातलं राज्य' हा शब्दप्रयोग भडक होता, तो वापरून हाये यांनी स्वतःचंच नुकसान केलं. बराकीतल्या त्रुटींची यादी नेमकी होती, ती त्या एका शब्दाखाली दडपली गेली. १० नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांनी पद सोडलं, तेव्हा मुदतीची दोन वर्षं बाकी होती. त्यांच्या जागी सीडीयूचे कायदेतज्ज्ञ मातियास होगेन आले. हाये १९७० मध्ये ऱ्हाइनगाउमधल्या मिटेलहाइमला वारले. लष्करी सेवेची अट १९९० मध्ये कायद्यातून गेली आणि १९९५ मध्ये क्लेअर मारिएनफेल्ड या पहिल्या महिला आयुक्त झाल्या.