आंतरराष्ट्रीय वित्त कायद्यातील वकिली : कोल्हापूरच्या विधी पदवीधरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि ज्येष्ठ वकिलाचा दर्जा

परदेशी बँकांची कर्जे, रोखे, लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेने विक्रेत्याला दिलेली पैशांची हमी) आणि त्यांतून उद्भवणारे वाद हाताळणाऱ्या वकिलासाठी आपल्याकडे स्वतंत्र सनद नाही. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणारा वकील आणि मुंबईत कोट्यवधी डॉलरच्या कर्जाचा करार तपासणारा वकील हे दोघेही ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या एकाच कायद्याखाली नोंदलेले असतात. पुढच्या वाटा मात्र लवकर फुटतात आणि त्या वेळी केलेल्या कागदोपत्री निवडीचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी जाणवतात.

बारावीनंतरचा पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम चालतो. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि आधीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात. कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेजसह हे शिक्षण उपलब्ध आहे. वित्त कायद्याकडे जाणाऱ्याने पदवी कुठून घेतली यापेक्षा करार कायदा, कंपनी कायदा आणि परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा), १९९९ किती बारकाईने वाचला, याला माझ्या मते अधिक महत्त्व आहे.

पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणीचा अर्ज करावा. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विधी अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, छायाचित्रे, लागू असल्यास जातीचा दाखला आणि नोकरी तसेच फौजदारी प्रकरणांबाबतचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असेल, तर राजपत्रातील नोंद आधीच करून घ्यावी, कारण कागदपत्रांतील नावे जुळत नसली की अर्ज अडकतो. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट निकाल दिला असून, मुद्रांक शुल्क वगळता सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तीत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, ती मराठीतूनही देता येते आणि टिपणे नसलेल्या मूळ कायद्यांच्या प्रती सोबत नेता येतात.

यापुढचा टप्पा नीट समजून घेण्यासारखा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. एखाद्या बँकेत किंवा कंपनीत विधी अधिकारी म्हणून रुजू होताना तसे बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. वित्त कायद्याचे उत्तम शिक्षण अनेकदा याच नोकऱ्यांत मिळते, हे खरे आहे. परंतु सनद स्थगित असलेला काळ वकिलीचा अनुभव म्हणून दाखवता येत नाही. म्हणून ज्याला पुढे न्यायालयात उभे राहायचे आहे त्याने वकिली फर्ममध्ये किंवा एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये राहणे श्रेयस्कर ठरते, आणि नोकरी स्वीकारलीच तर स्थगितीचे व सनद पुन्हा सुरू केल्याचे पत्र जपून ठेवावे. कोल्हापुरात राहूनही या विषयाची सुरुवात करता येते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचालकांचे निर्यात व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर चालतात आणि त्यांना बहुधा यूसीपी ६०० हे २००७ पासूनचे आंतरराष्ट्रीय नियम लागू असतात. बँकेने कागदपत्रांतील एखाद्या विसंगतीवरून पैसे नाकारले की सल्ल्यासाठी वकील लागतोच.

सीमेपलीकडील मोठी कर्जे बहुधा इंग्लंडच्या किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली लिहिली जातात. इंग्लंडचा सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे. पहिल्या भागात एकूण ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात, तर दुसऱ्या भागात लेखी व तोंडी अशी प्रत्यक्ष कामाची १६ प्रात्यक्षिके. चारित्र्य आणि योग्यतेची तपासणीही होते. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला दोन वर्षांच्या कार्यानुभवाची अट लागत नाही; चारित्र्याच्या तपासणीसाठी मात्र बार कौन्सिलकडून चांगल्या वर्तनाचे प्रमाणपत्र वेळेत मागवावे.

आता ज्येष्ठ वकिलाचा (सीनियर ॲडव्होकेट) दर्जा. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम १६ नुसार तो सर्वोच्च न्यायालय किंवा उच्च न्यायालय देते. २०१७ पासून यासाठी १०० गुणांची पद्धत होती. १३ मे २०२५ च्या निकालाने ती रद्द झाली आणि निर्णय पूर्ण न्यायालयाकडे, म्हणजे सर्व न्यायमूर्तींकडे, सोपवण्यात आला. किमान दहा वर्षांच्या वकिलीची अट कायम आहे. अर्ज करण्याची पद्धत चालू राहिली असली, तरी अर्जाविनाही दर्जा देता येतो. गुणांकन गेले म्हणून तयारी कमी करू नये : स्वतः युक्तिवाद केलेल्या प्रकरणांच्या निकालांची यादी, दिवाळखोरी संहिता, २०१६ खालील कामे आणि लवादांतील हजेरी यांची वर्षवार फाइल असावी. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांना उच्च न्यायालयासमोर नियमित उभे राहणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

अर्ज करण्यापूर्वी एक बंधन मात्र अवश्य वाचावे. हा दर्जा मिळाल्यावर वकीलपत्र दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही आणि दावे, प्रतिज्ञापत्रे किंवा हस्तांतरणाचे दस्त तयार करण्याचे काम स्वीकारता येत नाही. ज्याचे उत्पन्न प्रामुख्याने कर्ज-करार आणि तारणाचे दस्त लिहिण्यावर आहे, त्या वकिलाने हा दर्जा मागणे व्यवहार्य नाही; अशा वकिलाचा अनुभव बाजारात फर्मचा भागीदार म्हणूनच ओळखला जातो. वित्तीय वादांत युक्तिवाद करणाऱ्या किंवा कायदेशीर अभिमत देणाऱ्या वकिलाने अर्ज करण्यास हरकत नाही.