रॅम मिक्स करणे (डेस्कटॉप कॉम्प्युटर)

एकाच मदरबोर्डवर वेगवेगळ्या कंपनीच्या, साइजच्या, स्पीडच्या किंवा टायमिंगच्या (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेच्या) रॅम स्टिक, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्ट्या, एकत्र लावून मशीन चालवणं याला रॅम मिक्स करणं म्हणतात. बहुतेक वेळा हे ठरवून होत नाही. जुन्या पीसीत ८ जीबीची एक स्टिक असते, ती कमी पडायला लागते, दुसरी घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलं की तीच कंपनी आणि तोच स्पीड मिळेलच असं नाही, मग जी मिळेल ती आणून रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली जाते आणि मशीन नव्वद टक्के वेळा मुकाट चालू होतं असं माझं मत झालंय.

जनरेशन, म्हणजे रॅमची पिढी (डीडीआर३, ४, ५), मात्र एकच लागते, तिथे तडजोड नाही. डीडीआर३ ला २४० पिन आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिन आणि १.२ व्होल्ट, डीडीआर५ ला पिन तेवढ्याच २८८ पण व्होल्टेज १.१ आणि खालची खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटला तर बोर्ड गेला. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर४ रॅम स्वस्तात विकायला असते आणि ती खाचेत बरोबर बसते सुद्धा, पण साध्या डेस्कटॉप बोर्डवर मशीन चालूच होत नाही, म्हणून घेताना लेबल नीट वाचा.

प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची साइज, स्पीड, टायमिंग, व्होल्टेज लिहिलेलं असतं. मशीन चालू करताना बायोस (मदरबोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) सगळ्या स्टिकची ही माहिती वाचतं आणि सगळ्यांना झेपेल असा स्पीड धरतं, म्हणजे २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २६६६ ला चालतात. पण इथे एक गोम आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. ज्या स्टिकवर ठळक ३२०० छापलेलं असतं तिचा तो स्पीड पुष्कळदा एक्सएमपी प्रोफाइलचा (बायोसमध्ये चालू करायच्या जास्त स्पीडच्या सेटिंगचा) असतो, १.३५ व्होल्टवर, आणि प्रोफाइल चालू केलं नाही तर तिचा मूळ स्पीड २१३३ किंवा २४०० एवढाच असतो. मग २६६६ वाल्या जुन्या स्टिकशेजारी ही महागडी स्टिक लावली की दोघी २४०० वर येऊन थांबतात, दोन्ही लेबलांपेक्षा खाली, आणि माणूस विचार करत बसतो की पैसे कुठे गेले. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसपीडी टॅब उघडून प्रत्येक स्लॉट बघितला की हे लगेच कळतं. तिथे मेमरी टॅबमध्ये दिसणारा आकडा निम्मा असतो, १३३३ दिसलं की २६६६ समजायचं.

मिक्सला घाबरून एकाच स्टिकवर भागवणारे लोक ड्युअल चॅनलचा (प्रोसेसर एकाच वेळी दोन वाटांनी रॅम वापरतो, त्याचा) फायदा घालवतात, हे मला जास्त चुकीचं वाटतं. एका चॅनलची रुंदी ६४ बिट, दोन भरले की १२८, आणि त्यासाठी दोन्ही स्टिक जुळ्या असायची गरज नाही. ८ सोबत ४ लावली तरी इंटेलच्या बोर्डवर फ्लेक्स मोडमध्ये ४ अधिक ४ ड्युअल चालतं आणि उरलेली ४ जीबी सिंगल. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालतं, त्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक बहुतेक करून प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, बोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतंच.

डीडीआर५ मध्ये मात्र मिक्स करू नये असंच मी सांगेन. रायझन ७००० सिरीजच्या प्रोसेसरला एएमडी स्वतः दोन स्टिकवर ५२०० सांगते आणि चार लावल्या की ३६००, म्हणजे चारही एकसारख्या असूनसुद्धा स्पीड एवढा पडतो. शिवाय नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग चालतं (बोर्ड त्या रॅमला जुळणारी सेटिंग शोधतो), स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, त्यात घाबरून स्विच बंद करू नका.

मशीन चालूच झालं नाही तर ते बरं, कारण चूक समोर दिसते. स्टिक काढायची, पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, रबराचा चुरा झटकून परत टक असा आवाज येईपर्यंत दाबायची, तरी नाही झालं तर एकेक स्टिक लावून बघायची. खरा धोका वेगळा आहे. मशीन चालू होतं, गाणी वाजतात, ब्राउझर चालतो, आणि मधेच एखादा बिट चुकतो. आमच्या घरच्या पीसीत अशा मिक्स रॅमवर कॅमेऱ्यातून फोटो कॉपी केले होते, दोन महिन्यांनी उघडले तर काही फोटो अर्ध्यापर्यंत नीट आणि खाली सगळा राखाडी पट्टा, तोवर कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच रिकामं केलेलं. साध्या डेस्कटॉप रॅममध्ये ईसीसी (चुकलेले बिट पकडून दुरुस्त करणारी सोय) नसतं त्यामुळे अशी चूक कोणी पकडत नाही आणि ती तशीच डिस्कवर लिहिली जाते.

म्हणून नवीन स्टिक लावली की त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून (फुकट आहे) मशीन रात्रभर त्यावर सोडायचं. सकाळी लाल रंगात एकही एरर दिसली तरी ती जोडी नापास, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. मग एक्सएमपी बंद करून किंवा स्पीड एक पायरी खाली आणून परत टेस्ट, तरीही एरर आली तर दोन्ही स्टिक वेगवेगळ्या तपासायच्या. एकेकटी पास होते आणि जोडीत नापास होते असंही होतं, तेव्हा दोष कुठल्याच स्टिकचा नसतो आणि दुकानदार एकटी लावून "चालू आहे की" म्हणून परत देतो. त्यामुळे घेतानाच विचारून ठेवा की जोडी जुळली नाही तर बदलून मिळेल का, आणि बिलावर तसं लिहून घ्या.